नाळ पुरलेली जागा

दर शनिवारी सकाळी मी अपूर्णांक शिकवायला जातो. हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढी पीएचडी केलीस ती पाचवीचं गणित शिकवायला?" तिचंही खरंच आहे. पण माझे विद्यार्थी पाचवीतले नाहीत. वय अठरा ते चोवीस. रात्री अंग टाकायला जागा नाही म्हणून आल्बुकर्कमधल्या एका निवाऱ्यात आलेली ही मुलं. कुणाला बारावीच्या तोडीची परीक्षा द्यायचीय, कुणाला वेल्डिंगच्या कोर्सला जायचंय, आणि दोन्हीकडे पाच-अष्टमांश इंच म्हणजे नक्की किती ते यावं लागतं. (दशमानात वाढलेल्या माणसानं इंचाचे सोळा तुकडे शिकवायचे ही काय शिक्षा असते, ते इथल्या कुठल्याही मराठी इंजिनियरला विचारा.)

न्यू मेक्सिको हे राज्य अमेरिकेच्या नैऋत्येला, वाळवंटी. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मूळ अमेरिकन आणि त्यातली बरीचशी नवाहो. आपण लहानपणी सिनेमात पिसं लावून घोड्यावरून आरोळ्या ठोकत येणारे 'रेड इंडियन' पाहिलेले असतात. नवाहो त्यातले नव्हेत, हे मुळात मेंढपाळ. स्वतःला ते 'दिने' म्हणतात, म्हणजे नुसतंच 'माणसं'. अमेरिकेतली सगळ्यात मोठी आदिवासी भूमी त्यांची. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून थोडी मोठी, आणि पावसाच्या बाबतीत मराठवाड्याला श्रीमंत म्हणावं इतकी कोरडी. नोंदलेले सभासद २०२१ मध्ये चार लाखांच्या घरात गेले, पण त्यातले निम्म्याहून कमी प्रत्यक्ष त्या भूमीवर राहतात. बाकीचे कुठे, हा आजचा विषय.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर नाव लिहिलं, पुण्याहून आलो असं सांगितलं आणि मुलांना ओळख करून द्यायला सांगितलं. मागे बसलेला एक काटकुळा मुलगा उठला. (त्याला पुढे इलेक्ट्रिकलच्या खांबांवर चढायचं होतं, म्हणून मी इथे त्याला लाइनमन म्हणतो.) त्यानं नाव शेवटी सांगितलं. आधी आईचं कूळ, मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. चार कुळं झाल्याशिवाय नवाहो माणसाची ओळख पुरी होत नाही. मूल आईच्या कुळात जन्मतं, वडिलांच्या कुळा'साठी' जन्मतं, असं ते म्हणतात. त्याच्या आईचं कूळ किनयाआनी. त्याचा अर्थ 'उंच घराचे लोक'.

उंच घराचा हा मुलगा आदल्या आठवड्यापर्यंत एका मित्राच्या गाडीत झोपत होता.

"आता तुमचं," तो म्हणाला. मी हौसेनं गोत्र सांगितलं, ते का असतं तेही सांगितलं. एका गोत्रात लग्न करत नाहीत म्हटल्यावर सगळी मान डोलवायला लागली. त्यांच्यातही एका कुळात लग्न वर्ज्य. "पण हे वडिलांकडचं झालं," तो म्हणाला. "आईचं?" मला आईच्या माहेरचं गोत्र सांगता येईना. आजीचं तर नाहीच. पंचवीस जोडी डोळे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या दृष्टीनं त्या खोलीत बेवारशी कोण होतं ते स्पष्टच होतं. संध्याकाळी घरी फोन केला. आईनं माहेरचं गोत्र झटकन सांगितलं, पण तिच्या आईच्या माहेरचं तिलाही आठवेना.

नवाहो भाषेत एक छोटा शब्द आहे, 'के'. नातं, आणि नात्यानं येणारं वागणं, दोन्ही त्यात आलं. जगात कुठेही आपल्या कुळाचा माणूस भेटला की तो भाऊ किंवा बहीण, आणि मग त्याला जेवायला घालणं, झोपायला जागा देणं ओघानंच आलं. मावशीला ते 'धाकटी आई' म्हणतात. माय मरो पण मावशी उरो, ही आपली म्हण त्यांना समजावून सांगावी लागली नाही. आणखी एक चाल आहे. मूल झालं की त्याची नाळ पुरतात, बहुतेकदा मेंढ्यांच्या वाड्यात, म्हणजे त्या पोराचं मन मेंढ्यांत आणि त्या मातीत राहील. 'नाळ जोडलेली असणं' आपण बोलण्यात नुसतं वापरतो. ही मुलं जागा दाखवू शकतात.

मग प्रश्न पडतो की ज्या समाजात मावशी ही आई असते आणि नाळ कुठे पुरली ते माहीत असतं, त्या समाजाचं पोर बेघर होतंच कसं? त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागेल. कंटाळू नका, मेंढ्यांची गोष्ट आहे.

मेंढ्या आणल्या स्पॅनिश लोकांनी. चुरो जातीची, लांब केसांची, काटक, चारापाणी कमी लागणारी मेंढी. नवाहोंनी ती अशी आपलीशी केली की त्यांच्या समजुतीत ती देवांनीच दिलेली आहे. लोकर बाया विणत. मेंढ्या ज्याच्या त्याच्या नावावर असत: बाईच्या वेगळ्या, पोराच्या वेगळ्या. सातआठ वर्षांच्या पोराला चार मेंढ्या देऊन 'या तुझ्या' म्हणायचं. घर मातीलाकडाचं, होगान, दार पूर्वेला. म्हणजे घर, पोट आणि धर्म हे तीन वेगळे कप्पे नव्हतेच. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

१८६३-६४ मध्ये अमेरिकन सैन्यानं, जनरल कार्लटनच्या हुकमावरून आणि किट कार्सनच्या हाताखाली, नवाहो मुलुख पद्धतशीर जाळला. मका जाळला, मेंढ्या मारल्या, कॅन्यन द शे नावाच्या लाल दरीतल्या पीचच्या बागा तोडल्या. लढाया फारशा झाल्याच नाहीत. भुकेनं काम केलं. आठ हजारांवर माणसांना टोळ्याटोळ्यांनी चालवत पूर्वेला बोस्के रेदोंदो नावाच्या छावणीत नेलं, सुमारे ५०० किलोमीटर. नवाहो त्याला नुसतं 'लांबची वाट' म्हणतात. छावणीत पाणी खारट, पिकाला कीड, जळणाला लाकूड नाही. चार वर्षांत माणसं उपासमारीनं आणि रोगांनी मेली आणि सरकारलाही खर्च झेपेना. १८६८ च्या मे महिन्यात जनरल शर्मन आला. तुम्हाला आणखी पूर्वेला, आजच्या ओक्लाहोमात पाठवू का, असा त्याचा प्रस्ताव. बार्बोन्सितो नावाच्या नवाहो पुढाऱ्यानं सांगितलं की आमच्या पूर्वजांनी नेमून दिलेल्या नद्यांच्या पलीकडे आम्ही जाणार नाही, आम्हाला घरी पाठव. शर्मननं ऐकलं. अमेरिकेच्या इतिहासात असं फार क्वचित घडलंय की हाकललेल्या लोकांना त्यांच्याच जमिनीवर परत जाऊ दिलं.

१ जून १८६८ चा तो तह मी पुन्हा पुन्हा वाचलाय. त्यात एका कलमानं १५ हजार मेंढ्या-बकऱ्या द्यायचं कबूल केलं आहे. दुसऱ्या कलमात सहा ते सोळा वयाच्या मुलांना सक्तीनं शाळेत घालायचं आणि दर तीस मुलांमागे एक इंग्रजी शिकवणारा शिक्षक द्यायचा असं ठरलं आहे. एकाच कागदावर मेंढी आणि शाळा. मेंढ्या आल्या, लोकांनी त्या उपाशी राहून सांभाळल्या, एकेकीचा कळप झाला. शाळाही आल्या, पण निवासी. घरापासून दूर, केस कापलेले, तोंडातून नवाहो शब्द गेला की साबण किंवा छडी. (त्याच भाषेत पुढे १९४२ पासून मरीन दलाच्या सैनिकांनी जपान्यांना न फुटलेली सांकेतिक लिपी चालवली. तो किस्सा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून सोडून देतो.)

आता माझ्या धंद्याची गोष्ट.

माझी पीएचडी गाळावर आहे. नदी किती गाळ आणते, तो धरणात कुठे बसतो, धरण किती वर्षांत भरेल, ही गणितं. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं. त्याचा मराठीत अर्थ असा: १९३० च्या सुमारास कोलोरॅडो खोऱ्यात वाढलेल्या गाळामागे नवाहो भूमीवरची अतिचराई हे एक कारण होतं आणि त्यावर मृदसंधारणाचे उपाय योजण्यात आले. उपाय योजण्यात आले. कर्मणी प्रयोग हा इंजिनियरचा जुना मित्र आहे. कुणी योजले, कुणावर योजले, विचारायची सोय नाही.

हूवर धरण तेव्हा बांधलं जात होतं. १९३५ मध्ये ते पुरं झालं. वरच्या अंगाला सॅन वान आणि लिटल कोलोरॅडो या नद्या पाणी थोडं आणि गाळ भरपूर आणतात, आणि दोन्ही नवाहो मुलखातून जातात. इंजिनियरांनी हिशोब मांडला, कुरणं पाहिली (ती खरंच उघडी पडली होती, यात वाद नाही) आणि निष्कर्ष काढला: मेंढ्या कमी करा.

हे राबवणारा माणूस वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. जॉन कॉलियर हा १९३३ ते १९४५ इंडियन खात्याचा आयुक्त. आदिवासींच्या नाचांवरची, पूजांवरची बंदी त्यानं उठवली. त्यांची भाषा, कला, धर्म टिकावा म्हणून तो वॉशिंग्टनमध्ये भांडला. आणि त्याच माणसाच्या खात्यानं नवाहोंच्या मेंढ्या मारल्या. आधी स्वेच्छेनं, मग सक्तीनं. १९३४ मध्ये बकऱ्यांवर पाळी आली. बकऱ्या म्हणजे बायांची आणि गरिबांची मालमत्ता: दूध, मांस, अडीनडीचा पैसा. दूरच्या कोपऱ्यांतून रेल्वेपर्यंत त्या हाकून नेणं परवडेना म्हणून बऱ्याच ठिकाणी जागीच गोळ्या घातल्या आणि कुजायला टाकल्या. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. दहाबारा वर्षांत जनावरं जवळजवळ निम्म्यावर आली. १९३५ मध्ये कॉलियरच्या लाडक्या कायद्यावर मतदान झालं, ज्यानं आदिवासींना स्वतःचं सरकार मिळणार होतं. नवाहोंनी थोड्या मतांनी तो फेटाळला. माणूस भल्यासाठी आलाय हे कळत असूनही बकऱ्या विसरता येत नव्हत्या.

कॉलियरच्या डोक्यात संस्कृती एका कप्प्यात होती आणि अर्थव्यवस्था दुसऱ्या. पहिली जपायची, दुसरी सुधारायची. मेंढी दोन्हीत उभी होती हे त्याला शेवटपर्यंत दिसलं नसावं. मलाही प्रबंध लिहिताना दिसलं नव्हतं. कर्क ब्रायन या भूगर्भशास्त्रज्ञानं १९२५ मध्येच लिहून ठेवलं होतं की इथले ओढे खोल खणले जाण्यामागे हवामानाचा मोठा हात आहे. चाको कॅन्यनमध्ये तसेच खोल ओढे स्पॅनिश मेंढी यायच्या शेकडो वर्षं आधी पडून बुजले होते. म्हणजे दुसरं मत उपलब्ध होतं. मेंढ्यांना अगदी निर्दोष सोडा असं मी म्हणत नाही. पण ओढ्यांवर गोळ्या झाडता येत नाहीत, बकऱ्यांवर येतात.

यातून निघालेली एक गोष्ट अजून जिवंत आहे, चराईचा परवाना. १९४० च्या सुमारास सरकारनं मेंढी हे एकक धरून परवाने वाटले. एक गाय म्हणजे चार मेंढ्या, एक घोडा म्हणजे पाच. बऱ्याच ठिकाणी ते कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाच्या नावावर गेले, जिथे मालकीण खरं तर आजी होती. परवाने वारसांत वाटले जातात. सातबाऱ्यावर वीस नावं म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको! जमीन संघराज्य सरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्यामुळे कुणाच्या खाजगी मालकीची नाही, म्हणून ती गहाण टाकून बँकेचं कर्ज मिळत नाही. घर बांधायचं तर एक एकराचा भाडेपट्टा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्या टापूतल्या परवानाधारकांच्या सह्या लागतात. नव्वद वर्षांपूर्वी हूवर धरणाच्या गाळासाठी सुरू झालेला कागद आज वीस वर्षांच्या पोराला विचारतो, तुझ्या घराला कुणाची हरकत नाही ना?

पुढचं भराभर सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढ्यांशिवाय पोट भरेना, तेव्हा सरकारनं माणसांना डेन्व्हर, लॉस एंजलिस, सॉल्ट लेक सिटी अशा शहरांत नेऊन सोडायची योजना काढली. एकेरी तिकीट, एक खोली, एक नोकरी, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. १९४४ ते १९८६ युरेनियमच्या खाणी चालल्या आणि पाचशेहून जास्त खाणी उघड्या टाकून कंपन्या गेल्या. १९६६ मध्ये नवाहो आणि होपी यांच्या जमिनीच्या वादात बेनेट नावाच्या आयुक्तानं पश्चिमेकडच्या पंधरा लाख एकरांवर बांधकामबंदी घातली. नवं घर नाही, रस्ता नाही, गळक्या छपराची डागडुजीसुद्धा परवानगीशिवाय नाही. ती बंदी २००९ मध्ये उठली. त्रेचाळीस वर्षं! त्या भागात वाढलेल्या दोन पिढ्यांनी नवं घर उभं राहताना पाहिलंच नाही. शिवाय १९७४ च्या कायद्यानं त्याच वादात हजारो नवाहोंना घरं सोडायला लावली.

आणि कोळसा. पेज गावाजवळचं नवाहो जनरेटिंग स्टेशन १९७४ मध्ये सुरू झालं. त्याच्या विजेवर कोलोरॅडोचं पाणी वाळवंट ओलांडून फिनिक्स आणि टूसॉनला चढवलं जाई. मी ॲरिझोनात शिकत असताना रोज आंघोळ केली ती त्याच पाण्यानं. केंद्र २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झालं, पगाराच्या चांगल्या नोकऱ्या गेल्या, आणि त्याच वर्षी नवाहो भूमीवरच्या सुमारे १५ हजार घरांत अजून वीज आलेली नव्हती. धुराडी तुमच्याकडे, दिवा आमच्याकडे. पुढच्या वर्षी कोविड आला. मे २०२० मध्ये लोकसंख्येच्या मानानं लागण न्यू यॉर्कहूनही जास्त होती. एका खोलीत आठ माणसं आणि हात धुवायला पाणी नाही, तिथे दुसरं काय होणार?

लाइनमनची आजी त्यात गेली. तो तिच्याकडेच वाढला होता. आई वारलेली, वडील शहरात कुठेतरी. घर तिच्या नावावर होतं की नव्हतं यावर मामालोकांत वाद झाला आणि तो एका चुलतभावाकडे, मग दुसऱ्याकडे, मग मित्राकडे असा सरकत सरकत आल्बुकर्कच्या पार्किंगमध्ये पोचला. कुणी त्याला हाकललं नाही. नवाहो मुलं अशीच बेघर होतात, हळूहळू, एकेका सोफ्यावरून. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानं २०१७ च्या अहवालात अंदाज केला होता की आदिवासी भागांत ४२ ते ८५ हजार माणसं अशीच नातेवाइकांकडे दाटीवाटीनं राहतात, कारण दुसरी जागा नाही. 'के' आहे म्हणून ती मोजणीत रस्त्यावर दिसत नाहीत. जी नात्यांच्या बाहेर पडतात ती गॅलप, फार्मिंग्टन, आल्बुकर्कच्या फुटपाथवर दिसतात. २०१४ च्या जुलैत आल्बुकर्कमध्ये उघड्यावर झोपलेल्या दोन नवाहो पुरुषांना तीन पोरांनी ठेचून मारलं. निवाऱ्यातली मुलं ती गोष्ट एकमेकांना सांगतात, आपण भुताच्या सांगायचो तशी.

मदत करणारे भरपूर आहेत, त्यात मीही आलो. आमच्या निवाऱ्यात दर शुक्रवारी 'संस्कृती संध्या' असायची. त्यात कुणीतरी मुलांना ड्रीमकॅचर विणायला शिकवत असे. ड्रीमकॅचर मुळात फार दूरच्या ओजिब्वे लोकांचं! मालवणी पोराला भांगडा शिकवून त्याची संस्कृती जपावी, तसं. मुलं निमूट विणायची, वर चहाबिस्कीट मिळायचं. आणि सोमवारी दुसरा माणूस यायचा, तो फिनिक्सच्या गोदामातल्या नोकऱ्यांचे फॉर्म घेऊन. एक जण शुक्रवारी कॉलियर, दुसरा सोमवारी रेल्वेचं एकेरी तिकीट. दोघंही मनानं चांगले. लाइनमननं फॉर्म भरला नाही तेव्हा त्याच्या फायलीत 'प्रेरणेचा अभाव' असं लिहिलं गेलं.

त्याला प्रेरणा होती, पण ती आम्ही विचारली नव्हती. २०१९ मध्ये 'लाइट अप नवाहो' म्हणून एक उपक्रम झाला. दुसऱ्या राज्यांतल्या सार्वजनिक वीज मंडळांचे लाइनमन येऊन नवाहो वीज मंडळाच्या लोकांबरोबर काही आठवडे राबले आणि दोनशेहून जास्त घरांना वीज जोडून गेले. आजीच्या शेजारच्या टेकडीवर खांब रोवले जाताना हा पोरगा दिवसभर बघत बसला होता. त्याला ते शिकायचं होतं, आणि शिकून तिथेच जायचं होतं.

क्राउनपॉइंटला नवाहोंचं स्वतःचं तंत्र विद्यापीठ आहे. १९७९ मध्ये बेकार मुलांना कामधंदा शिकवायला सुरू झालेलं छोटं कौशल्य केंद्र, २०१३ पासून विद्यापीठ. तिथे वेल्डिंग आहे, इलेक्ट्रिकल आहे, आणि नवाहो भाषा आणि संस्कृतीची पदवीही आहे, एकाच आवारात. त्याच्याही आधी, १९६८ मध्ये, नवाहोंनी आदिवासींच्या ताब्यातलं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज काढलं, आजचं दिने कॉलेज. १८६८ चा तह आणि १९६८ चं कॉलेज, बरोबर शंभर वर्षं. तहातल्या शाळेचं कलम त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं पाळलं म्हणा ना.

त्याला प्रवेशासाठी घेऊन गेलो तेव्हा वाटेत गॅलपला एका दुकानात थांबलो. भिंतीवर नवाहो नक्षीचे सुंदर गालिचे, किंमत विश्वास बसू नये इतकी कमी. लाइनमननं एक उलटला आणि मला शिवलेली चिठ्ठी दाखवली. मेड इन इंडिया. "तुमचे लोक," तो म्हणाला आणि हसत सुटला. मला हसता येईना. हाती पिंजून, कातून, रंगवून विणलेल्या गालिच्याला महिनोन् महिने लागतात. तासाचा हिशोब केला तर गोदामातला पगार बरा, ही वस्तुस्थिती आहे. विणून पोट भरेल असं सांगणारे स्वतः विणत नाहीत. पण त्यात आणखी आमचा गालिचा येऊन पडला की उरलंसुरलंही जातं.

गेल्या शरदात तो कोर्स पुरा करत आला आणि मला म्हणाला, मावशीकडे येता का? चिनलीपासून तासभर पुढे, मातीचा रस्ता. मावशी साठीची, शब्दांना काटकसरी. तिच्याकडे वीसेक मेंढ्या, त्यातल्या काही चुरो. ती जात मधल्या काळात जवळपास संपली होती. सरकारनं मांसासाठी आणलेल्या रॅम्बुले जातीच्या मेंढ्यांची लोकर तेलकट, हातानं कातायला नको वाटणारी. १९७७ पासून लाइल मॅकनील नावाच्या प्राध्यापकानं उरलेल्या चुरो शोधून पैदास करायला सुरुवात केली आणि नवाहो घरांना परत दिल्या. मावशीनं मला विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या आहेत का? मी धनगरांबद्दल सांगितलं, दख्खनी मेंढीची जाड काळी लोकर, आजोबांची घोंगडी, अंगाला टोचणारी आणि पावसात न भिजणारी. "आता ती कोण विणतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, चौकशी करतो. आई-आजीच्या गोत्रानंतर ही दुसरी चौकशी.

मग लाइनमननं टेप काढला. त्याला एक एकराचा तुकडा हवा होता, खांबापासून जवळ, म्हणजे वीज ओढायला कमी खर्च. मी टेपचं दुसरं टोक धरलं. फूट आणि इंच. मावशी पाठीमागून चालत होती. एका जागी तिनं काहीतरी म्हटलं आणि तो थांबला. आम्ही मेंढ्यांच्या जुन्या वाड्याच्या कडेला होतो. इथे तुझी नाळ आहे, ती म्हणाली होती, खुंटी दोन पावलं अलीकडे ठोक.

सह्या तीन लागतात. मावशीनं तिथेच, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. मोठ्या मामानं नाताळाच्या आसपास केली. तिसरे परवानाधारक म्हणजे त्याच्या आजीचे भाऊ, वय ऐंशीच्या पुढे, ते तरुणपणी सरकारी योजनेत लॉस एंजलिसला गेले आणि तिथेच राहिले. फोनवर त्यांना नवाहो बोलणारा माणूस लागतो, इंग्रजीत ते अशा गोष्टी बोलत नाहीत. लाइनमन दर रविवारी त्यांना फोन करतो. पहिले दोन महिने त्यांनी फक्त एकच विचारलं म्हणे, वाड्यात मेंढ्या किती आहेत.